मिठाचा करार आणि माहेरची गाडी

मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची ठरली, तेव्हा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या गोव्याच्या सहलीवर तुम्हीच लिहायचे." मी पुष्कळ आढेवेढे घेतले. सातवीपर्यंत शिकलेली मी बाई. वाण्याच्या यादीपलीकडे हातात लेखणी धरायची सवय नाही. पण त्या काही ऐकेनात. लिहायला बसले आणि ध्यानात आले की, सहलीबद्दल लिहायचे तर त्या रेल्वेबद्दल लिहायला हवे, आणि रेल्वेबद्दल लिहायचे तर आमच्या आजींना वगळून कसे चालेल? त्यामुळे हा लेख सहलीचा कमी आणि त्या वाटेच्या इतिहासाचाच जास्त झाला आहे. भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांचे माहेर गोव्यातले, सावर्ड्याच्या स्टेशनापासून कोसभर अंतरावरचे एक खेडे. १९५३ साली सतराव्या वर्षी त्या लग्न होऊन बेळगावास आल्या. आम्ही बावीसजणी सहलीस निघालो, तेव्हा आदल्या रात्री त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "येताना तिकडचे मीठ घेऊन ये गो."

मला हसू आले. मी म्हटले, "आजी, मीठ कशाला? काजू आणते, कोकमे आणते."

"दात नसलेल्या बाईला काजू कशाला? मीठ आण. आगरातले. जाडे."

म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी ते मनावर घेतले नाही. पण परत आल्यावर शेजारच्या निवृत्त गुरुजींशी बोलता बोलता या रेल्वेचा विषय निघाला. त्यांनी दोन-तीन जुनी पुस्तके वाचायला दिली, अडले तेथे समजावून सांगितले. मग कळले की त्या रेल्वेचा आणि मिठाचा संबंध फार जुना आहे. आजींना तो ठाऊक नव्हता. मलाही नव्हता.

रेल्वे नव्हती तेव्हाही आपला घाटमाथा आणि खालचा समुद्रकिनारा यांचे येणेजाणे होतेच. लमाणांचे बैलांचे तांडे घाटावरून तांदूळ आणि इतर धान्य खाली नेत आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणीत. बेळगावचा बराचसा व्यापार रामघाटाने वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाई. पावसाळ्याचे चार महिने मात्र वाटा जवळजवळ बंदच. घाटाखाली दिलेल्या मुलीची खुशाली कळायची ती दसरा-दिवाळीला, कोणी जाणारे-येणारे भेटले तर.

पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. धारवाड, विजापूर, बल्लारी या बाजूंनी माणसे अन्नावाचून मेली. एका मुलखात धान्य असले तरी दुसऱ्या मुलखात ते वेळेवर पोचवण्याचे साधन नव्हते. दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८८० साली, रेल्वे वाढवाव्यात असा सल्ला सरकारास दिला. या भागाला सर्वांत सोयीचे बंदर कोणते, तर मुरगाव. बारमाही सुरक्षित राहील असा त्याचा आडोसा. पण ते पडले पोर्तुगिजांच्या हद्दीत!

म्हणून दुष्काळ सरत होता त्याच सुमारास, डिसेंबर १८७८ मध्ये, लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला. त्यातली मुख्य कलमे गुरुजींनी मला समजावली, ती अशी. दोन्ही मुलखांमधली जकात उठवायची. मुरगाव बंदरापासून इंग्रजी हद्दीपर्यंत रेल्वे बांधायची. आणि गोव्यातल्या मिठाचा सगळा कारभार इंग्रजांच्या हाती द्यायचा. इंग्रजी मुलखात मिठावर भारी कर होता. गोव्यातले स्वस्त मीठ चोरून वर येई, ते त्यांना खुपत होते. मिठाच्या बदल्यात इंग्रजांनी पोर्तुगिजांना दरसाल चार लाख रुपये द्यायचे ठरले आणि ही रक्कम रेल्वेत पैसा घालणाऱ्यांच्या व्याजाला तारण म्हणून लावून ठेवण्यात आली.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. म्हणजे ज्या गाडीत बसून आम्ही गाणी म्हणत गेलो, ती वाट गोव्याच्या मिठागरांच्या जिवावर बांधलेली होती. करारानंतर गोव्यातल्या गरिबाच्या ताटातले मीठ महागले. मिठागरे त्यांचीच, समुद्र त्यांचाच, आणि मिठावर पहारा मात्र दुसऱ्याचा.

कराराप्रमाणे १८८१ साली विलायतेत एक कंपनी निघाली. घातलेल्या पैशावर शेकडा पाच व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली. याच कंपनीने मुरगावचे बंदरही बांधायचे होते. बंदराकडून काम सुरू झाले. १८८७ साली मुरगाव ते सावर्डे गाडी धावू लागली आणि १८८८ साली घाटही पुरा झाला. मुरगावपासून हद्दीपर्यंतचा हा लोहमार्ग सुमारे ५१ मैल, म्हणजे ८२ किलोमीटर. वरच्या बाजूस सदर्न मराठा रेल्वेने आपले रूळ आणून भिडवले. घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्याचे नाव दिले, ब्रागांझा घाट. कड्याकपारी फोडून रूळ घालणाऱ्या कामकऱ्यांची नावे कोठेच नाहीत. त्या जंगलात हिवतापाचा कहर असे. किती जणांनी तेथे जीव ठेवला असेल, ते देवाला ठाऊक.

आता सहलीकडे वळते. गणपती उठल्यावर आम्ही निघालो. कोणी दशम्या, कोणी शेंगदाण्याची चटणी, कोणी बेळगावचा कुंदा घेतलेला. लोंढ्यास गाडी बदलून हुबळीकडून येणाऱ्या गाडीत बसलो. तिनईघाट मागे पडले आणि कॅसलरॉक आले. तेथला कडा इंग्रजांना किल्ल्यासारखा दिसला म्हणून हे नाव पडले, असे म्हणतात. हे स्टेशन घाटाच्या माथ्यावर आहे. येथून कुळ्यापर्यंत सुमारे २६ किलोमीटरांत गाडी घाट उतरून अगदी पायथ्याशी येते. चढ कुठे कुठे ३७ फुटांना एक फूट इतका कडक आहे. म्हणून वर चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात आणि उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक आधी नीट तपासून पाहतात. आमच्या गाडीचे तपासणे चालले होते, तेव्हा एकजण म्हणाल्या, "बघा, उतरतानाच जास्त जपावे लागते." सगळ्या हसल्या, पण बोलणे खोटे नव्हते.

मग एकामागून एक बोगदे. बोगदा आला की मुली ओरडत, आणि उजेड आला की सगळ्याजणी खिडकीशी. दोन्ही अंगांना दाट रान, कड्यावरून गळणारे पाण्याचे दोरे, खाली दरीत ढग. करंझोळ गेले. एका वळणावर गाडी मंदावली आणि समोर दूधसागर उभा राहिला. मांडवी नदीचे पाणी ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत खाली येते आणि धबधब्याच्या छातीवरच रेल्वेचा पूल आहे. पाण्याचे तुषार खिडकीतून आत आले. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकूंनी नकळत हात जोडले. नंतर कितीतरी वेळ कोणी बोलले नाही.

कुळ्याला गाडी थांबली, तेव्हा मला आजींची ट्रंक आठवली. लग्नानंतर सासरी येताना त्या याच वाटेने आल्या. रेल्वे बांधताना जकात नसावी असे ठरले होते खरे, पण करार मुळातच बारा वर्षांचा. १८९२ साली त्याची मुदत संपली आणि तो पुन्हा झाला नाही. घाट १८८८ साली पुरा झाला. म्हणजे ही गाडी मोकळी धावली ती जेमतेम चार वर्षे. मग इकडे कॅसलरॉकला आणि तिकडे कुळ्याला जकातीची ठाणी बसली. व्यापारही हवा तसा झाला नाही. कंपनी तोट्यात गेली आणि १९०२ पासून गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. पुढे साठ-सत्तर वर्षे या वाटेने जाणारा प्रत्येकजण दोनदा ट्रंका उघडीत असे.

आजी सांगतात, "माझी ट्रंक एका शिपायाने अख्खी उपसली. शालू, चोळखण, समया, सगळे बाकावर. आईने लुगड्याच्या घडीत मिठाची पुरचुंडी ठेवली होती. त्याने ती हुंगली, हसला आणि परत ठेवली." नव्या घरी जाताना माहेरचे मीठ न्यावे, अशी त्यांच्या आईची समजूत. ही गोष्ट आजींनी मला सहलीहून आल्यानंतर सांगितली. आधी सांगितली असती, तर मी हसले नसते.

याच कुळ्याच्या स्टेशनावर सप्टेंबर १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना पोर्तुगिजांनी अटक केली. त्याच वर्षी १८ जूनला त्यांनी मडगावास सभा घेऊन नागरी हक्कांची मागणी केली होती. तेव्हा त्यांना हद्दीबाहेर घालवले, तरी ते परत आले. अटकेनंतर त्यांना आग्वादच्या किल्ल्यात डांबले. गाडी तेथे पाच-दहा मिनिटे उभी होती. आमच्यातल्या कोणालाच हे तेव्हा माहीत नव्हते. आम्ही चहा घेत होतो.

१९५५ साल आमच्या घराला विसरता येत नाही. आजी तेव्हा पहिलटकरीण होत्या. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. भाद्रपदात वडील न्यायला येणार होते. तिकडे आईने डिंक, सुंठ, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी सगळे तयार ठेवलेले. पण त्याच वर्षी गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्यांवर तुकड्या आत जाऊ लागल्या. १५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र लोक हद्द ओलांडून गेले. काही पत्रादेवीकडून गेले, तर काही कॅसलरॉककडून याच रुळांवरून, याच बोगद्यांतून चालत. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली. गाडी थांबली.

सत्याग्रहींबद्दल आजी आजही आदराने बोलतात. बेळगावातून जाणाऱ्या तुकड्यांना त्यांनी स्वतः भाकऱ्या करून दिल्या होत्या, सातव्या महिन्यात, चुलीपुढे बसून. "ती पोरे माझ्याच गावाकडे चालली होती," त्या म्हणतात. "त्यांच्या भाकऱ्या भाजताना मला ठाऊक होते, आता माझी वाट बंद होणार." आपल्या मुलखाची सुटका व्हावी असे मनापासून वाटते, आणि त्याच सुटकेपायी आपले माहेर तुटते, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या पोटात एकाच वेळी होत्या. पुस्तकांत पहिली गोष्ट लिहिलेली असते. दुसरी कोणी विचारल्याशिवाय बायका सांगत नाहीत.

माझे सासरे त्या वर्षी बेळगावातच जन्मले. माहेरी कळवायला पत्र गेले, ते केव्हा पोचले कोण जाणे. परवान्यासाठी आजेसासऱ्यांनी दोनदा अर्ज केले. एकाला नकार आला, दुसऱ्याला उत्तरच नाही. १९५८ साली आजींचे वडील वारले. ती बातमी मुंबईच्या एका नातलगाकडून फिरून फिरून आली, तोवर तेरावासुद्धा होऊन गेला होता. आजींनी येथेच डोक्यावरून पाणी घेतले आणि दुपारी स्वयंपाकाला लागल्या.

मग डिसेंबर १९६१ आला. बेळगाव लष्कराने भरून गेले. फौजेच्या गाड्यांनी रस्ते भरले, रात्री-अपरात्री मोटारींचा आवाज. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालचे सैन्य इकडूनच, अनमोडच्या वाटेने, गोव्यात उतरले. १८ तारखेला कारवाई सुरू झाली आणि १९ तारखेस संपली. ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत गेली. आमच्या गल्लीत साखर वाटली. आजी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन उंबऱ्यावर बसून होत्या, असे जुने शेजारी सांगतात.

पुढच्या वर्षी त्या मोटारीने अनमोडवरून माहेरी गेल्या. आई दारात उभी होती. तिने आधी नातवाला जवळ घेतले नाही, लेकीचा हात धरून विचारले, "बाबांना शेवटी तुझी हाक आठवली ती तुला कळली का?" आजी ही गोष्ट येथपर्यंत सांगतात आणि थांबतात. पुढे कोणी विचारीत नाही. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर मात्र त्या दर वर्षी रेल्वेनेच जात. मोटार लवकर पोचवते म्हटले, तर म्हणत, "मला दूधसागर बघायचा असतो."

कुळ्यानंतर घाट संपतो आणि सगळे बदलते. काले, सावर्डे, चांदर. भाताची खाचरे, माड, लाल कौलांची घरे, देवळे आणि पांढरीशुभ्र चर्चे. सावर्ड्याला मी दारापाशी जाऊन उभी राहिले. आजींच्या माहेरी आता कोणी राहत नाही, तरी ते स्टेशन मी डोळे भरून पाहिले. मडगावास कोकण रेल्वे भेटते. ती २६ जानेवारी १९९८ ला पुरी सुरू झाल्यापासून मुंबईकडचे लोक त्या वाटेने येतात. पूर्वी त्यांनाही पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घालून याच घाटाने यावे लागे, नाहीतर बोटीने. घाटातले जुने अरुंद रूळ १९९० नंतरच्या दशकात काढून रुंद केले.

माजोर्डा, कासावली, दाबोळी करीत आम्ही वास्कोस उतरलो. बंदराच्या वरच्या टेकडीवरून समुद्र पाहिला. आमच्यातल्या चौघींनी तो जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्यांतली एक पुष्कळ वेळ पाहून एवढेच म्हणाली, "एवढे पाणी, आणि आमच्या नळाला दिवसाआड." खाली मोठमोठी जहाजे उभी होती. ज्या बंदरातून धारवाडकडचा कापूस जाईल असे १८७८ साली वाटले, तेथून पुढे लोखंडाची आणि मँगनीजची माती गेली आणि आता परदेशचा कोळसा उतरून याच घाटाने वर येतो. त्यासाठी घाटात दुसरा लोहमार्ग घालायचा घाट घातला गेला, तेव्हा पुष्कळ गोवेकरांनी विरोध केला. २०२० साली चांदरला लोक रात्री रुळांवर जाऊन बसले. घाटातल्या जंगलाचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली कॅसलरॉक ते कुळे या भागातल्या दुहेरी मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रस्ता कोणी बांधावा, कोणासाठी बांधावा आणि त्याची किंमत कोणी द्यावी, हा वाद मिठाच्या करारापासून चाललेलाच आहे.

परतताना मडगावच्या बाजारात मी मीठ शोधले. काजूच्या दुकानांची रांग लागते, मीठ मात्र मिळता मिळेना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईपाशी मिळाले, जाडे, जरासे करडे. तिने विचारले, "कोणाला?" मी म्हटले, "आमच्या आजींना. माहेर इकडचे." तिने मापावर एक ओंजळ जास्त घातली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

आजींनी पुरचुंडी सोडली, एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "बरणीत भर. पेजेला घालत जा." त्या दिवसापासून त्यांची पेज त्याच मिठाची असते. बरणी अर्धी झाली आहे.

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपण राजे आणि लढाया आठवतो. पण आपल्या घरोघरी अशा आजी आहेत, ज्यांच्या ट्रंकेच्या तळाशी एखादा करार, एखादी बंद पडलेली गाडी निघेल. त्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर होऊ देत. माझ्याही झाल्या असतील. पुढच्या स्मरणिकेत आणखी कोणाच्या आजी भेटल्या, तर मला फार आनंद होईल.

मंडळाला दीर्घ आयुष्य लाभो, ही देवापाशी प्रार्थना.